पीएलएफएसचा मूळ डेटा ‘आर’मध्ये कसा आणायचा: नोंदणीपासून पहिल्या बरोबर आकड्यापर्यंत

‘महिलांचा श्रमबल सहभाग वाढला’ किंवा ‘बेरोजगारी दर ३.२ टक्के’ अशा बातम्या आपण वाचतो, त्यातले बहुतेक आकडे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून येतात. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय एप्रिल २०१७ पासून हे सर्वेक्षण करतं. अहवालात राज्यवार तक्ते असतात, पण तुमचा प्रश्न जरा वेगळा असला की ते पुरत नाहीत. दहावी शिकलेल्या, कोकणातल्या, घरच्या शेतीवर राबणाऱ्या बायका किती, हे कुठल्याच तक्त्यात नाही. त्यासाठी माणसागणिक एक ओळ असलेला मूळ डेटा उघडावा लागतो. तो फुकट मिळतो, पण नोंदणी करून, अटी मान्य करून, आणि अशा रूपात की पहिल्यांदा पाहणारा माणूस फाइल बंद करून टाकतो.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तीन आठवडे गेले. शिकवणारं कुणी नव्हतं, आणि चुका अशा होत्या की संगणक एकदाही तक्रार करत नव्हता. तुमचं काम दोन-तीन दिवसांत व्हावं म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. उदाहरण जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचं घेतलं आहे आणि सॉफ्टवेअर ‘आर’. स्टाटा किंवा पायथन वापरत असाल तरी पायऱ्या त्याच.

## आधी हे हाताशी ठेवा

- चालू ई-मेल. कॉलेजचा किंवा संस्थेचा असेल तर उत्तम, पण वर्षभर तरी बंद पडणार नाही असा.
- डेटा कशासाठी हवा, हे सांगणारी चार-पाच वाक्यं. आधीच लिहून ठेवा.
- आर आणि आरस्टुडिओ. दोन्ही मोफत. पॅकेजेस तीन: मजकूर फाइल वाचायला ‘रीडआर’, आवराआवरीला ‘डीप्लायर’, अंदाज काढायला ‘सर्व्हे’.
- आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप. पीएलएफएसला एवढा पुरतो.
- त्याच वर्षाच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ. ही विसरू नका. ती कशासाठी, ते पायरी ७ मध्ये.

## पायरी १: नोंदणी करा आणि अटी खरंच वाचा

मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर खातं उघडा. नाव, संस्था, ई-मेल, वापराचा हेतू असं विचारतात. हेतूच्या रकान्यात नुसतं ‘संशोधन’ लिहू नका. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांच्या रोजगाराचं स्वरूप, पदव्युत्तर प्रबंधासाठी’ असं नेमकं लिहा.

अटींचा गाभा असा: डेटा फक्त सांख्यिकी कामासाठी वापरायचा, कुठल्याही घराची किंवा व्यक्तीची ओळख पटवायचा प्रयत्न करायचा नाही, आणि फाइल दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी झिप फाइल टाकतं, बाकीचे घेतात. असं करू नका. मैत्रिणीला हवा असेल तर तिला नोंदणी करायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. तुमची प्रोग्रामची फाइल मात्र खुशाल द्या, तिच्यावर कसलंही बंधन नाही. सर्वेक्षकानं एखाद्या घरी बसून कमाई, काम, आजारपण विचारलेलं असतं. समोरच्यानं ते विश्वासानं सांगितलेलं असतं. तो विश्वास आता तुमच्या लॅपटॉपवर आहे.

## पायरी २: बरोबर संच निवडा

इथे पहिला सापळा आहे. पोर्टलवर पीएलएफएसचे दोन प्रकारचे वार्षिक संच दिसतात: जुलै ते जून असा कृषी वर्षाचा आणि जानेवारी ते डिसेंबर असा कॅलेंडर वर्षाचा. ‘२०२३’ आणि ‘२०२३-२४’ हे दोन वेगळे संच आहेत आणि त्यांचे आकडेही वेगळे येतात. एका संचाचं गणित करून दुसऱ्याच्या अहवालाशी ताडलंत तर कधीच जुळणार नाही, आणि चूक आपल्याच प्रोग्राममध्ये आहे असं वाटून दोन दिवस वाया जातील.

दुसरी गोष्ट फाइलींची. साधारण चार मिळतात: पहिल्या भेटीची कुटुंब फाइल, पहिल्या भेटीची व्यक्ती फाइल, आणि पुनर्भेटीच्या तशाच दोन. या वर्षांच्या आराखड्यात पुनर्भेट फक्त शहरात होते. एका शहरी घरी एकूण चार वेळा जातात, खेड्यातल्या घरी एकदाच. वार्षिक आकडे पहिल्या भेटीवरून काढतात. ‘जास्त ओळी म्हणजे जास्त डेटा’ असं समजून चारही फाइली एकत्र केल्यात तर तीच शहरी माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातील. सुरुवात पहिल्या भेटीच्या व्यक्ती फाइलीनं करा.

डेटासोबत ज्या कागदपत्रांच्या फाइली दिसतील त्या सगळ्या उतरवून घ्या: लेआउटची एक्सेल (कोणती माहिती ओळीत कुठे आहे, हे सांगणारी), ‘रीडमी’, प्रश्नावली (अनुसूची १०.४), क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचना, राज्य-जिल्हा संकेतांक. घाईत लोक फक्त डेटा घेतात. लेआउटशिवाय तो डेटा म्हणजे नुसती अंकांची रास.

जुन्या फेऱ्यांचे काही संच नेसस्टार नावाच्या प्रकारात असतात. ते उघडायला नेसस्टार एक्सप्लोरर लागतो, आणि तो फक्त विंडोजवर चालतो. मॅक किंवा लिनक्स असेल तर कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर फाइल उघडा, स्टाटा किंवा एसपीएसएस रूपात निर्यात करा, आणि काम झाल्यावर त्या संगणकावरची प्रत पुसून टाका.

## पायरी ३: फाइल एक्सेलमध्ये उघडू नका

मजकूर फाइल डबल क्लिक करून किंवा ओढून एक्सेलमध्ये टाकायचा मोह होतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. पीएलएफएसची व्यक्ती फाइल त्यात बसते, उपभोग खर्च सर्वेक्षणाच्या मोठ्या फाइली बसत नाहीत आणि उरलेल्या ओळी गळतात. शिवाय एक्सेल आकड्यांच्या सुरुवातीची शून्यं खातो. ती शून्यं किती महाग पडतात ते पुढच्या पायरीत आहे.

फक्त नजर टाकायची असेल तर नोटपॅडमध्ये उघडा आणि काहीही सेव्ह न करता बंद करा. दिसेल ते असं: प्रत्येक ओळीत सलग अंक, मध्ये स्वल्पविराम नाहीत, वर शीर्षकं नाहीत. याला स्थिर रुंदीची फाइल म्हणतात. कोणता अंक कशाचा, हे त्याच्या जागेवरून ठरतं, आणि जागा लेआउटमध्ये लिहिलेल्या असतात: अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत राज्य, त्यापुढे जिल्हा, वगैरे. तुमच्या संचात सीएसव्ही फाइल मिळाली असेल तर जागांचा त्रास वाचला. शून्यांचा वाचत नाही.

## पायरी ४: लेआउटवरून वाचन करा

ही पायरी सावकाश करा. एक पूर्ण दुपार द्या.

लेआउटच्या एक्सेलमधून तीन रकाने वेगळ्या फाइलीत काढा: स्तंभाचं नाव, सुरुवातीचा बाइट, शेवटचा बाइट. एक्सेलमध्ये कुटुंब आणि व्यक्तीचे तक्ते वेगवेगळे असतात, चुकीचा घेऊ नका. नावं स्वतः द्या, छोटी आणि कळण्यासारखी. मग रीडआरमधल्या ‘रीड_एफडब्ल्यूएफ’ला ‘एफडब्ल्यूएफ_पोझिशन्स’मधून या जागा द्या, आणि सगळे स्तंभ अक्षररूपात वाचायला सांगा. आकडे नंतर करता येतात.

रुंदीची यादी देऊनही वाचता येतं, पण मी ती पद्धत सोडली, कारण त्यात एक बाइट सुटला की पुढचं सगळं सरकतं. कसं ते बघा. समजा ओळीत एके ठिकाणी २, आणि लगेच पुढे २७ आहे. २ म्हणजे शहरी, २७ म्हणजे महाराष्ट्र. आधीचा एक बाइटाचा रकाना यादीत लिहायचा राहिला तर राज्य एक जागा अलीकडून वाचलं जातं आणि २२ होतं. २२ हा छत्तीसगडचा संकेतांक आहे. ग्रामीण महाराष्ट्राचं १२७ असेल तर राज्य १२ होतं, म्हणजे अरुणाचल प्रदेश. दोन्ही संकेतांक खरे आहेत, त्यामुळे कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. आख्खा महाराष्ट्र दोन राज्यांत विरून जातो आणि तुम्ही पुढे चालत राहता.

पायथनवाल्यांना एक वेगळी सूचना: पांडाजमध्ये मोजणी शून्यापासून होते आणि शेवटची जागा धरत नाहीत. लेआउटमध्ये १५ ते १६ असेल तर तिथे १४ आणि १६ लिहायचं.

आता शून्यांची गोष्ट. उद्योगाचा संकेतांक पाच अंकी असतो, राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ प्रमाणे, आणि त्याचे पहिले दोन अंक म्हणजे विभाग. शेती आणि पशुपालनाचा विभाग ०१. हा स्तंभ आकडा म्हणून वाचला की पहिलं शून्य जातं. ०११ नं सुरू होणारा शेतकरी ११ नं सुरू होतो, आणि ११ म्हणजे पेयनिर्मिती. गाई-म्हशी पाळणाऱ्यांचा संकेतांक ०१४१ नं सुरू होतो, तो होतो १४, म्हणजे तयार कपड्यांचा उद्योग. माझ्या पहिल्या तक्त्यात ग्रामीण महाराष्ट्रातल्या हजारो बायका पेयांच्या कारखान्यात काम करत होत्या. मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला, काही न बोलता पेन्सिलीनं त्या ओळीभोवती गोल केला आणि कागद परत दिला. तेव्हापासून मी एकही संकेतांक आकडा म्हणून वाचलेला नाही. खऱ्या अर्थानं आकडे असलेले स्तंभ मोजकेच: वय, कमाई, कामाचे तास, मल्टिप्लायर (तो काय, ते पायरी ६ मध्ये). तेवढेच नंतर आकड्यांत बदला.

रिकाम्या जागेकडेही लक्ष द्या. कोऱ्या रकान्याचा अर्थ दर वेळी ‘माहिती मिळाली नाही’ असा नसतो. दुय्यम कामाचा रकाना कोरा, म्हणजे बहुधा त्या व्यक्तीला दुय्यम कामच नाही. तिथे सरसकट शून्य भरू नका आणि कोऱ्या ओळी वगळूही नका.

वाचून झाल्यावर ओळी मोजा. २०२३-२४ च्या अहवालानुसार १,०१,९५७ कुटुंबं आणि ४,१८,१५९ व्यक्तींचं सर्वेक्षण झालं. पहिल्या भेटीच्या तुमच्या फाइलींत इतक्याच ओळी हव्यात. एक कमी-जास्त असली तरी थांबा आणि शोधा.

## पायरी ५: कुटुंब आणि व्यक्ती जोडा (गरज असेल तर)

जात, धर्म, कुटुंबाचा प्रकार, मासिक खर्च हे कुटुंब फाइलीत असतं. जोडायला एकच ओळख क्रमांक नसतो, तो बनवावा लागतो: एफएसयू (म्हणजे निवडलेलं गाव किंवा शहरी खंड), नमुना उपखंड, दुसऱ्या टप्प्यातला स्तर (स्तर म्हणजे नमुना निवडण्याआधी पाडलेला गट), आणि नमुना कुटुंबाचा क्रमांक. व्यक्तीसाठी त्यात अनुक्रमांक जोडा. नुसत्या एफएसयू आणि कुटुंब क्रमांकावर जोडलंत तर एकाच गावातली दोन वेगळी घरं एक होऊ शकतात. जोडण्याआधी कुटुंब फाइलीत ही ओळख एकेकदाच येते ना, ते तपासा. जोडल्यावर व्यक्तींच्या ओळी पुन्हा ४,१८,१५९ च हव्यात.

## पायरी ६: वेट नीट लावा

सर्वेक्षणातला एक माणूस हजारो माणसांचा प्रतिनिधी असतो. किती जणांचा, तो आकडा म्हणजे वेट. तो मल्टिप्लायर या स्तंभावरून काढतात, पण तिथे तो जसाच्या तसा नसतो. दशांश चिन्ह फाइलीत छापलेलं नसतं, शेवटचे दोन अंक दशांशाचे असतात, म्हणून १०० नं भागायचं. त्याशिवाय एनएसएस आणि एनएससी असे दोन स्तंभ असतात. नमुना दोन भागांत निवडलेला असतो, त्यांना उपनमुने म्हणतात. पहिल्या स्तंभात एका उपनमुन्यातल्या एफएसयूंची संख्या, दुसऱ्यात दोन्ही उपनमुने मिळून. दोन्ही सारखे असतील तर मल्टिप्लायर भागिले १००. वेगळे असतील तर भागिले २००. आणि वर्षाचा आकडा काढताना, त्या स्तरात किती तिमाहींत सर्वेक्षण झालं, त्या संख्येनंही भागायचं. तो स्तंभ फाइलीतच असतो.

तीन भागाकार, आणि तिन्ही विसरण्यासारखे. १०० नं भागायचं राहिलं तर टक्केवारी तीच येते, त्यामुळे ती चूक निदान टक्क्यांत कळत नाही. १०० आणि २०० चा फरक विसरलात तर मात्र टक्केवारी हलते, आणि इतकी थोडी हलते की खरी वाटते.

ही रीत २०२४ पर्यंतच्या आराखड्याची आहे. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची नमुना रचना बदलली, आता मासिक आकडेही येतात. नव्या वर्षांसाठी त्या-त्या संचातली ‘रीडमी’ पाहा, जुना प्रोग्राम तसाच चालवू नका.

एक इशारा. वेटची बेरीज करून ‘महाराष्ट्रात इतके लाख लोक’ असं लिहू नका. या सर्वेक्षणांतून येणारी लोकसंख्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजांपेक्षा कमी भरते. टक्केवारी वापरा, आणि माणसांची संख्या हवीच असेल तर ती टक्केवारी लोकसंख्येच्या अंदाजाला लावा.

## पायरी ७: छापील आकडा काढून दाखवा

तुमच्या प्रश्नाला हात लावायच्या आधी अहवालातला एक आकडा स्वतः काढा. तो जुळेपर्यंत पुढे जायचं नाही, हा माझा एकच कडक नियम.

श्रमबल सहभाग दर घ्या, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून लोकसंख्येच्या किती टक्के. वय १५ आणि पुढे, नेहमीच्या स्थितीनुसार, म्हणजे गेल्या वर्षभरातल्या कामानुसार. मुख्य स्थितीचे संकेतांक ११ ते ५१ म्हणजे काम करणारे, ८१ म्हणजे काम शोधणारे किंवा कामाला तयार असलेले. ९१ पासून पुढे श्रमबलाबाहेरचे: ९१ विद्यार्थी, ९२ घरकाम, वगैरे. पण इथेच थांबू नका. जिची मुख्य स्थिती ९२ आहे, पण जिनं वर्षात ३० दिवस किंवा जास्त काळ घरच्या शेतात काम केलं, तिच्या दुय्यम स्थितीत २१ लिहिलेलं असतं, म्हणजे घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत. तीही श्रमबलात धरायची. पेरणीला, खुरपणीला, कापणीला शेतात असणारी आणि विचारलं की ‘मी घरीच असते’ म्हणणारी बाई या एका स्तंभात सापडते. तो विसरलात तर पुरुषांचा दर जेमतेम हलतो, बायकांचा मात्र बराच खाली येतो.

जुळायला हवेत ते देशपातळीवरचे आकडे: एकूण ६०.१ टक्के, पुरुष ७८.८, स्त्रिया ४१.७. ग्रामीण स्त्रिया ४७.६ आणि शहरी स्त्रिया २८.०. बेरोजगारी दर ३.२. दशांशाच्या पहिल्या स्थानापर्यंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास या क्रमानं शोधा: वयाची अट, दुय्यम स्थिती, २०० चा भागाकार, कॅलेंडर वर्षाचा संच, पुनर्भेटीच्या ओळी. माझ्या अनुभवात कारण या पाचांतलंच एक निघतं.

## पायरी ८: महाराष्ट्राकडे या, पण बेतानं

राज्य २७ गाळून घ्या (गोव्यासाठी ३०). महाराष्ट्राचे सहा एनएसएस विभाग आहेत (इथे एनएसएस म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, पायरी ६ मधला स्तंभ नव्हे) आणि त्यांचे संकेतांक २७१ ते २७६: किनारपट्टी, अंतर्गत पश्चिम, अंतर्गत उत्तर, अंतर्गत मध्य, अंतर्गत पूर्व, पूर्व. किनारपट्टीत मुंबई आणि ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सगळं एकत्र येतं, म्हणून तिला सरळ ‘कोकण’ म्हणताना शहरी-ग्रामीण वेगळं करा, नाहीतर मुंबई सगळं झाकून टाकते. मराठवाडा अंतर्गत मध्य विभागात येतो. विदर्भ दोन विभागांत वाटलेला आहे: बुलढाण्यापासून नागपूरपर्यंत एक, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली दुसरा.

जिल्ह्याचा संकेतांक फाइलीत दिसतो म्हणून जिल्ह्याचा दर काढू नका. २०२४ पर्यंतचा नमुना जिल्हापातळीवरच्या अंदाजांसाठी आखलेलाच नव्हता. जुन्या फेऱ्यांशी तुलना करताना सीमाही तपासा: पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या फाइलीत तो सापडणार नाही.

प्रत्येक आकड्यासोबत त्याची चूकमर्यादा काढा. सर्व्हे पॅकेजच्या ‘एसव्हीवायडिझाइन’मध्ये एफएसयू, स्तर (राज्य, ग्रामीण-शहरी, स्तर आणि उपस्तर मिळून) आणि वेट द्या. एखाद्या स्तरात एकच एफएसयू उरला की आर अडतो, तेव्हा ‘लोन्ली पीएसयू’ची सेटिंग ‘अॅडजस्ट’ करा. आणि गाळणी, राज्य २७ चीसुद्धा, ‘एसव्हीवायडिझाइन’नं आराखडा बनवल्यानंतर लावा, आधी नाही. चूकमर्यादा फार रुंद आली, जशी गोव्याच्या छोट्या गटांत हमखास येते, तर तो आकडा लिहू नका. दोन गट एकत्र करा किंवा दोन वर्षं जोडा.

## फाइली कशा ठेवायच्या

चार फोल्डर करा: मूळ, कागदपत्रं, प्रोग्राम, निकाल. मूळ फोल्डरमधल्या फाइली ‘फक्त वाचन’ करून ठेवा आणि पासवर्ड लावा. स्वच्छ केलेली प्रत आरडीएस किंवा पार्के रूपात साठवा, म्हणजे दर वेळी मजकूर फाइल वाचत बसावं लागणार नाही. प्रोग्रामच्या पहिल्या ओळींत संचाचं पूर्ण नाव, उतरवल्याची तारीख आणि लेआउटच्या फाइलीचं नाव टिपणीत लिहा. पोर्टलवर कधीकधी दुरुस्त केलेली फाइल येते, आणि सहा महिन्यांनी आकडा एका दशांशानं बदलला की कारण त्या तारखेतच सापडतं.